झाकली मूठ उघडताना: आनुवंशिक आजारांबद्दल ब्रीडर खरं सांगतोय का, हे कसं ओळखायचं

"आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही."

कुत्र्याचं पिल्लू शोधायला निघालेल्या प्रत्येकाला ब्रीडरचं हे वाक्य पहिल्या दोन-तीन फोनमध्येच ऐकायला मिळतं. लाइन म्हणजे त्यांच्या कुत्र्यांचा वंश. ऐकून बरंही वाटतं. मलाही वाटलं होतं. माझी पहिली लॅब्रॅडॉर अकराव्या महिन्यात मागच्या पायाने लंगडायला लागली आणि एक्स-रेत दोन्ही खुब्यांच्या खोबण्या उथळ निघाल्या. ब्रीडरना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्ही जिने चढवले असतील. आमच्याकडे आजवर असं कधी झालेलं नाही." मी विचारलं, हिच्या आईचा एक्स-रे कधी काढला होता? "ती मस्त पळते की! एक्स-रे कशाला काढायचा?"

त्या माणसाला मी आजही खोटारडा म्हणणार नाही. त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना काही दिसलं नव्हतं. माझ्या कुत्रीला मात्र त्याने काही फरक पडला नाही. तेव्हापासून मी उलट्या बाजूने मोजते. कुठल्या कुत्र्यात, कितव्या वर्षी, काय निघालं हे ज्याला नावानिशी सांगता येतं तो ब्रीडर माझ्या यादीत वर जातो. ज्याच्याकडे आजवर काहीच निघालेलं नाही, तो खाली. पहिल्यांदा पिल्लू घेणाऱ्याला हे विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पायरी पहिली: फोन लावण्याआधी जातीची दुखणी माहीत करून घ्या

ब्रीडर खरं बोलतोय का हे कळायला आधी खरं काय आहे ते आपल्याला थोडंफार ठाऊक हवं. प्रत्येक जातीची दुखणी वेगळी असतात. ती बघताना मी त्यांचे तीन ढीग करते, कारण तिन्ही ढिगांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला ढीग डीएनए चाचणीत सापडणाऱ्या आजारांचा. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल, पूडल या जातींत दृष्टिपटल हळूहळू मरत जाऊन आंधळेपण आणणारा पीआरए नावाचा आजार असतो. लॅब्रॅडॉरमध्येच जोरात पळाल्यावर पाय लुळे पडून कोसळण्याचाही एक आजार आहे, त्याला ईआयसी म्हणतात. कोलीमध्ये एमडीआर 1 या जनुकातला बिघाड असतो; तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या मात्रेत दिलं तर ते मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतं. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी यांच्यात उतारवयात मागचे पाय निकामी करणारा डीएम हा मज्जारज्जूचा आजार दिसतो आणि त्याच्याशी निगडित जनुकातला बदल 2009 मध्ये सापडला. या ढिगातल्या आजारांबद्दल "माहीत नाही" हे उत्तर चालणार नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतला, एकदाच चाचणी केली, की निकाल जन्मभराचा असतो.

दुसरा ढीग तपासूनच कळणाऱ्या दुखण्यांचा. खुबे आणि कोपरं एक्स-रेने, डोळे नेत्रतज्ज्ञाकडून, हृदय इकोने, गुडघ्याच्या वाट्या हाताने चाचपून. पोमेरेनियन, चिवावा अशा लहान जातींत वाटी जागेवरून सरकते. तिला 1 ते 4 अशी श्रेणी देतात. डाल्मेशियनमध्ये बहिरेपण असतं आणि ते टाळ्या वाजवून कळत नाही. एका कानाने बहिरं पिल्लू घरात अगदी नॉर्मल वागतं, टाळीला वळतं, हाकेला येतं. त्यासाठी मेंदूकडे जाणारे संदेश मोजणारी बेअर नावाची चाचणी लागते आणि ती पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की करता येते.

तिसरा ढीग सगळ्यात त्रासाचा, कारण त्याला भरवशाची चाचणीच नाही. गोल्डन रिट्रीव्हरमधले कॅन्सर, बहुतेक जातींमधली फेफरं, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोटाला पीळ पडणं. इथे कागद काही सांगत नाही, फक्त माणूस सांगतो. ब्रीडरच्या खरेपणाची परीक्षा खरं तर याच ढिगावर होते. त्याकडे पुढे येते.

लॅब्राडूडलसारखं संकरित पिल्लू घेणाऱ्यांना "मिक्स आहे, त्यामुळे आजारांचा प्रश्नच नाही" असं छातीठोक सांगितलं जातं. लॅब्रॅडॉर आणि पूडल या दोघांतही पीआरएचं तेच जनुक फिरतं, खुब्यांचं दुखणंही दोघांत आहे. आई-बाबांची दुखणी वेगवेगळी असतील तिथे संकराचा फायदा होतो. सारखीच असतील तिथे होत नाही.

पायरी दुसरी: प्रश्न असा विचारा की "नाही" म्हणून सुटता येणार नाही

"हेल्दी आहेत ना?" असं विचारलंत तर "हो" हेच उत्तर येणार. त्यात ब्रीडरचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी असं विचारा:

"तुमच्या कुत्र्यांमध्ये आजवर काय काय निघालंय?"

आणि मग गप्प बसा. ही शांतता अवघड जाते, पण ती तुम्ही भरू नका. मी ऐकलेली उत्तरं साधारण अशी होती.

"काही नाही हो, एकदम क्लीन लाइन आहे." दहा-पंधरा वर्षं पैदास करणाऱ्याकडे काहीच निघालं नाही, हे होत नाही. एक तर त्याने बघितलं नाही, नाही तर विकलेल्या पिल्लांचं पुढे काय झालं हे त्याला माहीत नाही, नाही तर तो सांगत नाही. तिन्ही तुमच्या दृष्टीने सारखेच.

"आमच्या जातीत तसले प्रॉब्लेम नसतात, ते परदेशी लाइनमध्ये." जनुकांना सरहद्द कळत नाही. इथे पुढचे प्रश्न विचारण्यातही फारसा अर्थ नाही.

"हिच्या आजीला सातव्या वर्षी हृदयाचा त्रास निघाला, म्हणून हिचा इको दर वर्षी करते. मागच्या वीणीतल्या एका नराला फेफरं आली, त्यानंतर तो जोडा मी पुन्हा लावला नाही." नवखा माणूस हे ऐकून घाबरतो आणि फोन ठेवतो. माझं म्हणणं, इथेच खुर्ची ओढून बसावं. या बाईंनी वय सांगितलं, नातं सांगितलं आणि कळल्यावर आपण काय केलं तेही सांगितलं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मूठ बरीचशी उघडली असं समजा.

ब्रीडरबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. असं मोकळेपणाने सांगणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. गिऱ्हाईक शेजारच्या "क्लीन लाइन"वाल्याकडे जातं आणि बाकीचे ब्रीडर "हिच्याकडे फेफरं आहेत" म्हणून बोभाटा करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे या धंद्यात अक्षरशः खरं आहे आणि ती झाकून ठेवायला आपणही हातभार लावतो. त्यामुळे कुणी काही कबूल केलं तर चेहरा पाडू नका. "बरं झालं सांगितलंत" एवढं म्हणा, पुढचं आपोआप कळत जातं.

मधेच थोडं गणित, कारण ते चुकीचं लावलं की चांगला ब्रीडर हातचा जातो

पीआरए, ईआयसीसारखे बरेच आजार दोन्ही पालकांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच होतात. एकच बिघडलेली प्रत असलेल्या कुत्र्याला वाहक म्हणतात. तो स्वतः ठणठणीत असतो आणि ठणठणीतच राहतो.

वाहक आणि निर्दोष असा जोडा लावला तर एकही पिल्लू आजारी निघत नाही, सरासरी निम्मी वाहक निघतात. वाहक आणि वाहक असा जोडा लावला तर प्रत्येक पिल्लामागे आजाराची शक्यता 25 टक्के. म्हणजे "आई वाहक आहे, म्हणून मी निर्दोष नर निवडला" असं सांगणारा ब्रीडर काही लपवत नाहीये, तो अगदी बरोबर वागतोय. असं पिल्लू घरी पाळायला निर्धोक आहे. प्रत्येक वाहक पैदाशीतून काढून टाकला तर उरलेल्या मोजक्या कुत्र्यांतच पैदास होत राहते आणि दुसरंच एखादं दुखणं वर येतं.

डाल्मेशियनचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. युरिक अॅसिड वाढवून मूतखडे करणारा बिघाड या जातीतल्या सगळ्याच कुत्र्यांत दोन्ही प्रतींत पसरला होता, त्यामुळे जातीच्या आत निर्दोष जोडीदार मिळणंच अशक्य होतं. 1973 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा पॉइंटर या जातीशी एकदा संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच लावत नेल्या. त्या वंशावळीला अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळायला 2011 साल उजाडलं. डाल्मेशियन घेताना ब्रीडरला या कमी युरिक अॅसिडवाल्या कुत्र्यांबद्दल विचारा. नाक मुरडलं तरी चालेल, ते त्याचं मत झालं. पण "खडे? आमच्या कुत्र्यांना नाहीत" म्हणाला तर लाल खूण करा.

पायरी तिसरी: कागद हातात घ्या आणि तारखेपासून वाचा

"पेपर्स आहेत" याचा अर्थ बहुतेक वेळा वंशावळ नोंदलेली आहे एवढाच असतो. वंशावळीवर बापाचं नाव असतं, त्याच्या खुब्यांचं काही नसतं. तसंच "व्हेटने चेक केलंय" याचा अर्थ आठ आठवड्यांच्या पिल्लाचा ताप, हृदयाचे ठोके, दात, जंत आणि लसी बघितल्या. ते हवंच, पण त्याचा आनुवंशिक आजारांशी संबंध जवळपास नाही.

आपल्याला हवे आहेत आई आणि बाप दोघांचे चाचणी-अहवाल. नर बाहेरचा असेल तर "त्याच्या मालकाकडे असतील" हे उत्तर पुरत नाही. ज्याने स्वतःच्या कुत्रीसाठी तो नर निवडला, त्याने अहवाल न बघता निवडला का? हा प्रश्न शांतपणे विचारायचा.

अहवालावर सगळ्यात आधी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर बघा आणि समोरच्या कुत्रीवर स्कॅनर फिरवून तो जुळतो का पहा. संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण ज्या एक्स-रेवर किंवा अहवालावर कुत्र्याची ओळखच नाही, तो कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो. चांगला ब्रीडर स्कॅनर स्वतःच काढून देतो.

मग तारीख. खुब्यांच्या बाबतीत वयाला फार महत्त्व आहे. अमेरिकेतली ओएफए ही संस्था 1966 पासून हे काम करते आणि कुत्रा 24 महिन्यांचा झाल्याशिवाय अंतिम श्रेणी देत नाही. त्याआधीचा निकाल प्राथमिक समजतात. तिच्या सात श्रेणी आहेत: एक्सलंट, गुड, फेअर, बॉर्डरलाइन आणि मग माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. एफसीआय या आंतरराष्ट्रीय केनेल संघटनेच्या पद्धतीत ए ते ई अशी अक्षरं असतात, ए म्हणजे निरोगी. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला 0 ते 53 असे गुण देतात, दोन्ही मिळून 106 पर्यंत, आणि जितके कमी तितकं चांगलं. हे ठाऊक नसलेल्या एका ओळखीच्यांना ब्रीडरने "मादीला सत्तर मार्क आहेत" असं अभिमानाने सांगितलं होतं आणि ते खूशही झाले होते! पेनहिप पद्धतीत खुबा किती सैल आहे ते दशांशात मोजतात आणि ती सोळा आठवड्यांच्या पिल्लावरही करता येते, 0.30 किंवा त्याखालचा आकडा घट्ट सांध्याचा. ब्रिटिश पद्धतीत दोन खुब्यांचे गुण वेगवेगळे बघायला विसरू नका. एकूण दहा हे पाच-पाच असतील तर ठीक, एक आणि नऊ असतील तर नऊवाल्या बाजूबद्दल विचारा.

डोळ्यांचं प्रमाणपत्र बारा महिन्यांपुरतंच धरतात, कारण बरेच दोष वय वाढल्यावर उगवतात. तीन वर्षांपूर्वीचा कागद दाखवला तर तो तीन वर्षांपूर्वीच्या डोळ्यांचा आहे. कोलीच्या बाबतीत गंमत उलटी. त्यांच्यातला जन्मजात नेत्रदोष सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लात स्पष्ट दिसतो, पुढे डोळ्यात रंगद्रव्य चढलं की सौम्य दोष झाकला जातो आणि मोठ्या कुत्र्याचा डोळा तपासणीत नॉर्मल वाटतो. म्हणून कोलीचं पिल्लू घरी न्यायच्या आधीच त्याची नेत्रतपासणी झालेली हवी. "मोठं झाल्यावर करून घ्या" हा सल्ला इथे चालत नाही.

आता कागद खरा असूनही दिशाभूल कशी होते, त्याचे मला भेटलेले प्रकार:

"पॅरेंट्स टेस्टेड." टेस्टेड, ठीक. निकाल काय? चाचणी करणं आणि चाचणीत निभावून निघणं या दोन गोष्टी आहेत. 2001 मध्ये सुरू झालेला सीएचआयसी नंबर अमेरिकेतल्या ब्रीडरांकडे मिरवला जातो. त्याचा अर्थ त्या जातीला ठरवून दिलेल्या चाचण्या केल्या आणि निकाल जाहीर केले, इतकाच. वाईट निकालाच्या कुत्र्यालाही तो नंबर मिळू शकतो. एका अर्थाने ती चांगलीच गोष्ट, लपवलं नाही म्हणून. पण नंबर म्हणजे पास नव्हे.

"दोनशेहून जास्त आजारांसाठी क्लिअर." हा अलीकडचा सगळ्यात देखणा कागद. डीएनए पॅनेलमध्ये खूप आजार एकदम तपासले जातात; त्यातले बहुतेक तुमच्या जातीत कधी सापडलेलेच नसतात. आणि ज्या खुब्यांसाठी, कोपरांसाठी, हृदयासाठी तुम्ही काळजीत आहात ते त्या यादीत नसतातच, कारण ती दुखणी अनेक जनुकं आणि वाढीच्या काळातलं वजन यांच्या मिश्रणातून होतात. हा कागद हातात आला की पहिल्या पायरीतली तुमची यादी काढा आणि एकेक आजार शोधा. मग दोनशेमधले तीन-चारच आपल्या कामाचे उरतात.

"बाय पॅरेंटेज क्लिअर." दोन्ही पालक निर्दोष, म्हणून पिल्लंही निर्दोष. तर्क बरोबर आहे. पण चाचणी नक्की कुठल्या पिढीवर झाली हे विचारा. चार पिढ्या फक्त कागदावरच उतरत आल्या असतील आणि मधे एखाद्या वेळी बाप भलताच निघाला असेल, तर सगळी माळ तुटते.

आणि "चॅम्पियन ब्लडलाइन". डॉग शोच्या रिंगमध्ये परीक्षक खुब्याच्या आत बघत नाही. एवढंच.

पायरी चौथी: स्वतः शोधा आणि रिकाम्या जागा मोजा

ओएफएची नोंदवही सगळ्यांना खुली आहे. नोंदणीकृत नाव किंवा क्रमांक घालून कुत्रा शोधता येतो. इतर देशांतल्या अनेक केनेल क्लबांचीही अशी सोय असते. तिथे फक्त आई-बाप बघून थांबू नका, त्यांची भावंडं आणि आधीच्या वीणीतली पिल्लंही बघा. खुब्यांच्या बाबतीत एकट्या बापाचा "गुड" जितकं सांगतो त्यापेक्षा त्याच्या सहा भावंडांचे निकाल जास्त सांगतात.

ओएफएकडे नॉर्मल निकाल आपोआप जाहीर होतो, पण वाईट निकाल जाहीर करायचा की नाही हे मालक ठरवतो. शिवाय एक्स-रे बघून व्हेट म्हणाले "हा पाठवू नका", तर तो पाठवलाच जात नाही. त्यामुळे नोंदवहीत चांगलेच निकाल जास्त दिसतात. सहा भावंडांपैकी एकाचाच निकाल आहे आणि तो "एक्सलंट", तर माझं लक्ष उरलेल्या पाच रिकाम्या जागांकडे जातं. सगळ्यांचीच नोंद आहे आणि त्यात एखादा "माइल्ड"ही उघडपणे लावलेला आहे, अशा ब्रीडरला मी मनातून नमस्कार करते.

वंशावळ हातात आलीच आहे तर तीच नावं दोन्ही बाजूंना किती वेळा येतात ते बघा. सख्ख्या बहीण-भावाचा किंवा बाप-लेकीचा जोडा लावला तर पिल्लाचा आंतरप्रजनन गुणांक, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, किमान 25 टक्के होतो, सावत्र भावंडांचा लावला तर 12.5 टक्के. "लाइन ब्रीडिंग केलंय", म्हणजे नात्यातलेच जोडे लावलेत, असं मोघम सांगितलं तर आकडा विचारा.

पायरी पाचवी: ज्याला चाचणी नाही, त्याबद्दल म्हातारे कुत्रे सांगतात

तिसऱ्या ढिगासाठी माझा एकच प्रश्न असतो: "हिचे आजी-आजोबा कितव्या वर्षी गेले आणि कशाने?"

ज्याचा आपल्या कुत्र्यांवर जीव आहे त्याला हे पाठ असतं. "अकराव्या वर्षी, प्लीहेची गाठ फुटून" असं उत्तर गोल्डनबद्दल आलं तर वाईट वाटतं, पण ते उत्तर आहे. "म्हातारपणाने गेले" असं आलं तर पुढे विचारा, म्हातारपण किती वर्षांचं? एका ठिकाणी ते सात वर्षांचं निघालं.

घरात म्हातारे कुत्रे आहेत का हेही बघा. पैदाशीतून निवृत्त झालेली दहा वर्षांची कुत्री दारात ऊन खात पडलेली दिसली, तर त्या वंशाचं वय तुमच्या डोळ्यांसमोर आहे. पाच वर्षांपुढचं एकही कुत्रं नसेल तर ती कुठे गेली हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पालकांच्या वयाचा मुद्दा इथेच येतो. आनुवंशिक फेफरं बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा येतात. डॉबरमनच्या हृदयाचा स्नायू पातळ करत नेणारा आजार बहुतेकदा मध्यम वयात उघड होतो. युरोपात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त आढळलं होतं. डीएम तर आठ वर्षांच्या आसपास किंवा त्यापुढे. मग दीड वर्षाच्या नराला "एकदम फिट" म्हणण्यात काय दम आहे? त्या वयात सगळेच फिट असतात. डॉबरमनमध्ये आई-बापांचा इको आणि हृदयाचे ठोके नोंदवणारा चोवीस तासांचा होल्टर दर वर्षी झालेला हवा, आणि आजी-आजोबांचं वय त्याहून महत्त्वाचं. कॅव्हलियर किंग चार्ल्सच्या हृदयाची झडप गळू लागते, दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्यांच्या छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येते. म्हणून त्या जातीतला सर्वमान्य नियम असा की अडीच वर्षांआधी पैदास करू नये आणि पैदाशीच्या कुत्र्याच्या आई-बापांचं हृदय पाच वर्षांपर्यंत स्वच्छ राहिलेलं असावं. कॅव्हलियरच्या ब्रीडरला हा नियम माहीतच नसेल, तर तिथे वेळ घालवू नका.

पायरी सहावी: प्रत्यक्ष भेट

आई समोर हवी, तिला चालवून दाखवायला सांगा. पग किंवा बुलडॉग असेल तर ती दोन मिनिटं चालल्यावर तिचा श्वास ऐका. घोरल्यासारखा आवाज "या जातीत असतोच" असं कोणी म्हणालं तर ते अर्धं खरं आहे: असतो, आणि तो आजार आहे. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीत कुत्र्याला चालायला लावून, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने ऐकून 0 ते 3 श्रेणी देतात. ती केली आहे का, विचारा.

"दुर्मिळ पांढरं" पिल्लू ऑस्ट्रेलियन शेफर्ड, कोली, डॅक्सहुंड अशा जातींत दाखवलं तर आई-बाप दोघेही मर्ल, म्हणजे ठिपक्या-डागांचे, आहेत का बघा. दोन मर्लच्या जोडीतून सरासरी चौथाई पिल्लं दुहेरी मर्ल होतात आणि त्यांच्यात बहिरेपण, आंधळेपण नेहमीचं. जाणूनबुजून असा जोडा लावणाऱ्याशी बाकी काही बोलायची गरज नाही.

पायरी सातवी: करार आणि जुनी गिऱ्हाइकं

करारात "आनुवंशिक आजारांची एक वर्षाची हमी" असते. वरची वयं पुन्हा वाचा, म्हणजे एका वर्षात काय काय दिसणारच नाही हे लक्षात येईल. "दोष निघाल्यास पिल्लू परत द्या, दुसरं न्या" हेही कलम सर्रास असतं. वर्षभर उशाशी झोपलेलं जनावर कोण परत देतं? हे कलम लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ठरावीक पूरक गोळ्या ब्रीडरकडूनच घेतल्या नाहीत तर हमी रद्द, असं लिहिलं असेल तर ती हमी नाही, गोळ्यांची विक्री आहे.

याउलट, "कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने कुत्रं सांभाळता आलं नाही तर आम्ही परत घेऊ" आणि "कुठलाही आजार निघाल्यास आम्हाला कळवावं" या दोन ओळी सापडल्या तर समाधानाने पान उलटा.

जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागाल तेव्हा ताज्या वीणीतले मागू नका. चार महिन्यांच्या पिल्लाचा मालक प्रेमात असतो, तो काय सांगणार? पाच-सहा वर्षांपूर्वीच्या वीणीतल्या दोघा-तिघांचे मागा. त्यांना कुत्र्याची तब्येत विचाराच, पण त्याहून आधी हे विचारा: काही निघालं तेव्हा फोन केला होतात का, आणि पलीकडून काय ऐकलंत?

माझ्या लॅब्रॅडॉरच्या वेळी मी "जिने चढवले असतील" हे ऐकलं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. वाढत्या वयातलं वजन आणि व्यायाम यांचा खुब्यांवर परिणाम होतो. 48 लॅब्रॅडॉरवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात जोडीदारापेक्षा चौथाई अन्न कमी मिळालेल्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं होतं, भरपेट खाणाऱ्यांचं 11.2, आणि सडपातळ कुत्र्यांचे सांधे उशिरा झिजले. मालकाची जबाबदारी आहेच. फरक इतकाच की चांगला ब्रीडर हे पिल्लू देताना सांगतो, दुसरा लंगडल्यावर.

पिल्लू घरी आल्यावरचं एक काम

दोन वर्षांचं झालं की, लंगडत नसलं तरी, खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे काढून घ्या आणि निकाल ब्रीडरला पाठवा. चांगला असला तरी पाठवा. आठ पिल्लांची वीण विकली जाते, त्यातल्या एकाचा मालक चिडून फोन करतो, एखादा फोटो पाठवतो आणि उरलेल्या सहांचं काय झालं हे ब्रीडरला कधीच कळत नाही. मग पुढच्या गिऱ्हाइकाने "काय काय निघालंय?" विचारलं की तो "काही नाही" म्हणतो. माझ्या दुसऱ्या कुत्रीच्या ब्रीडरबाई वहीत प्रत्येक पिल्लापुढे एक रकाना ठेवतात. आमच्या पिल्लाच्या रकान्यात मी पाठवलेले गुण आहेत, डावा चार, उजवा सहा.